एक रेघ, वर सही

आमच्या दुकानात खोडरबर नव्हतं. ठेवायचंच नाही असा नियम होता. रजिस्टरात चूक झाली तर चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा, शेऱ्याच्या रकान्यात चूक कशी झाली ते लिहायचं, मग सही आणि तारीख. खरवडाखरवड केली, पान फाडलं, तर दुकानाचा परवाना धोक्यात. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं ते तात्यांनी.

साल १९८६. माझं कॉलेज सकाळचं होतं आणि दुपारी दोनपासून नगरच्या बाजारपेठेतल्या एका बंदुकांच्या दुकानात रजिस्टर लिहायची नोकरी. वडिलांची गिरणी बंद पडली होती, माझी फी या पगारातून जायची. दुकानाचं नाव इथे देत नाही. ते आता नाही, मालकही नाहीत. तात्या जाऊनही वीस वर्षं उलटली. त्यांचं माझ्यावर एक देणं आहे, आणि ते पैशाचं नसल्यामुळे फेडायचं कसं हे मला इतकी वर्षं कळलं नाही.

तात्या पारनेर तालुक्यातले. लष्करात ईएमईमध्ये आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या हत्यारांची दुरुस्ती करणारे. निवृत्तीनंतर भिंगारला राहायचे आणि सायकलवर दुकानात यायचे. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. टेबलाला बसवलेला लहान शेगडा, सहा कानशी, पितळी हातोडी, तेलाची बाटली, आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग. ते भिंग डोळ्याला लावलं की त्यांचा चेहरा बदलायचा. समोर कुणी बोलत असलं तरी त्यांना ऐकू जायचं नाही.

पहिल्या महिन्यातच मी एक अपराध केला. साफसफाईला आलेलं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर टेबलावर पडलं होतं. मार्क सहा, पॉइंट चारशे पंचावन्न बोअरचं, पहिल्या महायुद्धात १९१५ पासून ब्रिटिश फौजेला दिलेलं, किलोभर वजनाचं धूड. वर गंजाचे तांबूस ठिपके होते. मालकांना बरं वाटावं म्हणून मी पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि घासायला लागलो. लोखंड पांढरं चमकायला लागलं तसा मला हुरूप आला. तात्या बाहेरून आले, त्यांनी माझा हात धरला. ओरडले नाहीत. रिव्हॉल्व्हर उजेडात नेऊन भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "आरं पोरा, हे काय भांडं हाय का घासायला? बाण अर्धा गेला बघ."

भिंगातून मी पहिल्यांदा तो बाण पाहिला. तीन रेघांचा, वर टोक असलेला, सरकारी मालकीचा शिक्का. त्याचा डावा पाय मी पुसून टाकला होता. बाजूला मुकुट, मुकुटाखाली आकडा, तपासनीसाची खूण. तांदळाच्या दाण्यावर नाव कोरतात तेवढ्या जागेत ही सगळी माणसं उभी होती: घडवणारा, तपासणारा, घेणारा. गंज तेलात भिजवून, तांब्याच्या नाण्यानं हळूहळू उचलायचा असतो, हे तात्यांनी मला त्या संध्याकाळी करून दाखवलं. जिथे निघत नाही तिथे राहू द्यायचा. गंज थांबवायचा, पुसायचा नाही.

तेव्हापासून आकडे वाचायला ते मला जवळ बसवू लागले.

हत्याराच्या निरनिराळ्या भागांवर एकच नंबर का ठोकतात, हे मी आधी त्यांना विचारलं होतं. चोरी कळावी म्हणून, असं माझं उत्तर होतं. तात्यांनी मान हलवली. "चोर नंतर आला. आधी कानस होती." त्या काळी कारखान्यात सुटे भाग साच्यातून निघाले तरी शेवटचं बसवणं हातानं व्हायचं. ही फ्रेम, ही नळी, हे सिलिंडर एकमेकांशी कानशीनं मिळवून घेतलेले. मग हत्यारं खोलायची, भाग कडक करायचे, काळे करायचे. शंभर हत्यारांचे भाग एका घमेल्यात पडणार. कुठलं कुणाचं हे कळायला नंबर. सिलिंडर फिरून थांबलं की त्याचं भोक नळीच्या बरोबर समोर यायला हवं. दुसऱ्याचं सिलिंडर बसवलं तर बसेल, फिरेलही, पण भोक केसभर सरकेल, गोळी नळीच्या तोंडाशी घासेल आणि शिसं कातरून बाजूने उडेल. तात्या म्हणायचे, डोळे मिटूनसुद्धा सांगता येतं. घोडा चढवून सिलिंडर बोटांनी हलवून बघ, घरचं आहे की पाहुणं ते कळतं.

जर्मनांचं याबाबतीतलं वेड ते कौतुकानं सांगायचे. नोकरीत असताना एका रेजिमेंटच्या मेसमध्ये लढाईतली आठवण म्हणून ठेवलेलं लुगर पिस्तूल त्यांनी साफ केलं होतं. जर्मन भूदलानं ते १९०८ साली स्वीकारलं. फ्रेमवर, नळीवर पूर्ण नंबर, आणि बाकी बारीकसारीक भागांवर, अगदी चापावर आणि खटक्यांवरसुद्धा, त्याच नंबरचे शेवटचे दोन आकडे. सोबत दोन मॅगझिन असत. दोन्हींच्या बुडाला पिस्तुलाचा नंबर आणि दुसऱ्यावर जास्तीची खूण म्हणून अधिकचं चिन्ह. नंबर दहा हजारांवर गेला की पुन्हा एकपासून सुरू आणि पुढे एक अक्षर. त्यामुळे नुसता आकडा जुळला म्हणून भागत नाही, अक्षर जुळायला हवं, साल जुळायला हवं. सगळं जुळणारं लुगर संग्राहक जीव टाकून का शोधतात हे तेव्हा मला समजलं. सत्तर-ऐंशी वर्षांत, दोन महायुद्धांत, कित्येक कार्यशाळांत कुणीही त्याचे भाग दुसऱ्याच्या घमेल्यात टाकले नाहीत, अशी ती साक्ष असते.

नंबराचं वजन नगरकराला वेगळं सांगायला नको. गांधीजींच्या खुनातलं बेरेटा पिस्तूल, १९३४ च्या नमुन्याचं, ग्वाल्हेरला मिळवलेलं. पण त्या कटातली माणसं आमच्या गावातून गेलेली. विष्णू करकरेचं डेक्कन गेस्ट हाऊस नगरातच होतं, नारायण आपटे इथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचा आणि त्यानं इथे रायफल क्लब काढला होता, मदनलाल पाहवा निर्वासित म्हणून इथेच आला होता. त्या पिस्तुलाचा नंबर ६०६८२४. तात्या त्या वेळी विशीतले. हा विषय निघाला की ते नंबर सुटा सुटा म्हणायचे, सहा-शून्य-सहा-आठ-दोन-चार, आणि मग बराच वेळ गप्प बसायचे. लोखंडावरचे सहा आकडे आणि त्यामागे काय काय. मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं त्या दिवसापासून रजिस्टरातला कुठलाही नंबर मला नुसता नंबर वाटला नाही. तरीही मी चुकलो, ते पुढे येईलच.

अस्सल म्हणजे काय, यावर मात्र तात्यांचं मत संग्राहकांपेक्षा वेगळं होतं, आणि मला ते आजही जास्त बरोबर वाटतं.

एक एन्फिल्ड रिव्हॉल्व्हर होतं. क्रमांक दोन, पॉइंट अडतीस बोअरचं. वारलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरच्यांनी परवान्याचा निकाल लागेपर्यंत दुकानात जमा केलेलं. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेनं १९३२ मध्ये घेतलं तेव्हा त्याच्या घोड्याला मागे अंगठ्यानं ओढायची शेपटी होती. १९३८ मध्ये ती शेपटी काढून टाकली. नव्या नमुन्याच्या नावापुढे एक तारा आला. कारण असं सांगतात की रणगाड्यातल्या जवानांची ती अडचण होती. आत-बाहेर करताना शेपटी कशातही अडकायची. मग दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या शेपट्याही कापल्या गेल्या आणि त्यांच्या शिक्क्यापुढे नंतर तारा ठोकला गेला. आमच्याकडचं तसंच होतं, आधीचं, मग बदललेलं. तारा बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडा तिरका, थोडा खोल. मी म्हणालो, "म्हणजे तात्या, हे अस्सल नाही."

ते चिडलेच. "फौजेनं बदललं ते अस्सलच. ज्याचं होतं त्यानं, ज्या कामासाठी होतं त्या कामासाठी बदललं, आणि बदललं म्हणून तारा ठोकला. लपवलं का काय?" आणि मग त्यांनी मला मलिक-ए-मैदान सांगितली. ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ओतली गेली ती आमच्या नगरात, १५४९ साली. ओतणाऱ्यानं आपलं नाव तिच्यावर घातलंय: महंमद बिन हसन रूमी. पुढे १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानं आपला लेख तिच्यावर कोरवला. "आता त्यो लेख घासून काढायचा का? तोफ जिथं जिथं गेली ते तिच्या अंगावर हाय. त्येच्यापायी ती खोटी झाली का?" आज एसटी स्टँडवर अहिल्यानगर लिहिलेलं वाचतो आणि तोंडातून नगर निघतं, तेव्हा मला तात्यांचा तो तिरका तारा आठवतो.

त्याच सुमारास मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या लष्करी हत्यारांचे शौकीन, माहितगार, बोलणं गोड. त्यांच्याकडे परवान्यावरचं एक वेब्ली होतं. फ्रेम आणि नळी एका नंबरची, सिलिंडर दुसऱ्या. कधीतरी बदललेलं असणार. त्यांचं म्हणणं, सिलिंडरवरचा नंबर कानशीनं उतरवून फ्रेमचा नंबर ठोकून द्या, वर काळं करा. मजुरी म्हणून त्यांनी सांगितलेला आकडा तात्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा होता. शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानं हत्यारावरचा नंबर पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे, हे तात्यांना माहीत होतंच. पण त्यांनी कलम सांगितलं नाही. ते सिलिंडर त्यांनी त्या गृहस्थांच्या हातात दिलं, भिंग दिलं, आणि म्हणाले, "साहेब, कडा बघा."

ते गेल्यावर मी पाहिलं. पंचावर हातोडी बसली की लोखंड आकड्यातून बाजूला सरतं आणि काठाला बारीक वरंबा उभा राहतो, ओल्या मातीत बोट दाबल्यावर राहतो तसा. वर्षानुवर्षं हाताळून तो वरंबा बसतो, मऊ होतो, आकड्याच्या तळात काळपट राहतो. नवा ठोकलेला आकडा असा म्हातारा होत नाही. कानस मारून खाली गेलेली जागा बाकी गोलाईपेक्षा चपटी राहते; बोट फिरवलं की कळतं. डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. फौजेच्या कार्यशाळेत जुना नंबर उतरवत नसत. त्यावर एक रेघ ठोकायची आणि शेजारी नवा नंबर. जुना वाचता यायला हवा. "आपल्या रजिस्टरासारखंच," तात्या म्हणाले.

आणि आता माझी ती चुकलेली नोंद.

आकडा सुटा सांगायचा, सुटा लिहायचा, हा तात्यांचा नियम होता. दोन, आठ, सहा, नऊ. लिहून झाला की मी सुटा परत वाचायचा, त्यांनी हत्यारावर बघून हूं म्हणायचं. अधिकाऱ्याच्या घरचं एन्फिल्ड जमा झालं तो जानेवारीतला शनिवार होता आणि त्याच दिवशी एका घरून आठ-नऊ हत्यारं एकदम आली होती. मला मित्रांबरोबर सहाच्या सिनेमाला जायचं होतं. मी म्हणालो, "तात्या, जोडीनं सांगा ना, लवकर उरकेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोर आहे, जाऊ दे, असं मनात आलं असावं. जोडीनं सांगायला लागले. "अठ्ठावीस, एकोणसत्तर."

माझ्या कानानं सत्तर ऐकलं आणि हातानं त्याला नऊ जोडला. २८७९. आपल्या भाषेत एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. घाईतल्या कानाला फक्त सत्तर ऐकू येतं. परत वाचून दाखवायचं होतं, ते मी केलं नाही. सायकल काढली आणि गेलो. सिनेमा कुठला होता ते आज आठवत नाही.

वर्ष-दीड वर्षानं त्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या नावे परवाना झाला आणि ते हत्यार न्यायला आले. परवान्यावर २८६९, आमच्या रजिस्टरात २८७९. आकड्यातला फरक म्हणजे कागदोपत्री दुसरंच हत्यार. एक हत्यार दुकानात आलं आणि दुसरंच बाहेर चाललंय, पहिलं गेलं कुठे? चौकशी लागली. तपासायला आलेल्यांनी तीन दिवस दुकान उघडं ठेवून एकेक नंबर पडताळला. मालकांच्या घरात दोन वेळचं जेवण कुणाला गेलं नसेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "कुणी वाचलं? कुणी लिहिलं?"

माझी जीभ टाळूला चिकटली होती. नोकरी गेली तर फी गेली, आणि अशा दुकानातून अशा कारणानं गेलेल्या पोराला नगरात दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. तात्या माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरानं मी सांगितलं तेच लिहिलं. मीच चुकीचं वाचलं. डोळे गेले आता मालक."

त्यांचे डोळे गेले नव्हते. गावात सगळ्यांत तीक्ष्ण डोळे तेच होते. पण रजिस्टरात २८७९ वर रेघ पडली, वर २८६९ आलं, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं गेलं "वाचण्यात चूक", आणि खाली तात्यांची सही, ठसठशीत, मोडीच्या वळणाची. ज्या माणसानं चार महिन्यांच्या पगारासाठी लोखंडावर एक खोटा आकडा ठोकला नाही, त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या नावावर खोटा शेरा घेतला.

मालकांनी त्यांना काढलं नाही, पण नंबर वाचायचं काम त्या दिवसापासून दुसऱ्याकडे गेलं. तात्यांकडे कमानी बदलणं आणि लाकडी दस्त्यांना तेलपाणी एवढंच राहिलं. भिंग खणात गेलं. येणारी जुनी गिऱ्हाइकं विचारायची, तात्या, जरा बघता का हे? ते म्हणायचे, "आता डोळे नाहीत." हे वाक्य मी पुढची दीड वर्षं, पदवी मिळून नोकरी लागेपर्यंत, आठवड्यातून दोन-तीनदा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी पानावरची मान वर केली नाही.

एकदाच बोललो. भिंगारच्या रस्त्यावर, सायकली हातात धरून चालताना. मी म्हणालो, तात्या, मी मालकांना सांगतो. ते म्हणाले, "सांगून काय? तुझं लोखंड कोरं हाय. माझ्यावर लई शिक्के हायेत, त्यात एक जास्त. कुणाला दिसतोय?" मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

१९९४ च्या फेब्रुवारीत सोलापूर रस्त्यावर रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, तात्यांना घेऊन गेलो. ते तेव्हा थकले होते. सेंच्युरियन रणगाड्यापाशी थांबले, वर झडपेकडे बोट केलं. "एवढ्या भोकातून उतरायचं, अंगावर सगळं सामान, कंबरेला रिव्हॉल्व्हर. शेपटी अडकंल का न्हाई?" मग आपला हात कंबरेशी नेऊन अंगठा मागे ओढून दाखवला, अडकला, सोडवला. शेजारून शाळेची पोरं चालली होती, ती थांबून बघायला लागली. तात्यांनी त्यांनाही दाखवलं. मग रणगाड्याच्या अंगावर ठोकलेला एक नंबर त्यांना दिसला. खिशातून त्यांनी ते भिंग काढलं. सहा-सात वर्षं खणात पडलेलं भिंग त्या दिवशी त्यांनी सोबत आणलं होतं. डोळ्याला लावून ते नंबर वाचू लागले, एकेक आकडा सुटा, मोठ्यानं, आणि प्रत्येक आकड्यानंतर माझ्याकडे बघून थांबायचे. मी तो सुटा परत म्हणायचो, आणि ते हूं म्हणायचे.

ते भिंग आता माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलानं दिलं. रजिस्टर कुठे गेलं माहीत नाही. दुकान बंद झाल्यावर कागद रीतीप्रमाणे जमा झाले असतील. तिथवर माझा हात पोचत नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो, त्यांनी शिकवलेल्या पद्धतीनं.

माल: एन्फिल्ड रिव्हॉल्व्हर, क्रमांक दोन, ताऱ्याचं. नंबर सुटा: दोन, आठ, सहा, नऊ. जुना शेरा, "वाचण्यात चूक". त्यावर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. बरोबर शेरा: वाचणाऱ्यानं बरोबर वाचलं, लिहिण्यात चूक. सही, लिहिणाऱ्याची.